खरपूस आणि करपट : मद्याच्या पारखीचा इतिहास



ज्या माणसाला गेली तीस-बत्तीस वर्षे आपण भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींच्या दारांत पत्रके वाटताना पाहिले, त्याने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून अमेरिकन व्हिस्कीच्या चवीविषयी बोलावे, ही गोष्ट काहींना गमतीची वाटली असेल आणि काहींना रागही आला असेल. दोन्ही भावना आम्ही समजू शकतो. आम्ही स्वतः दारू पीत नाही. का पीत नाही, ते ओघाने येईलच. शिवाय आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात पुष्कळ असे झाले असल्यामुळे विद्वत्तेचा आव आणण्याचीही सोय नाही. तरीसुद्धा हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला. पेल्यात जे आहे ते चांगले की वाईट, हे ठरवण्याचे साधन कोणाच्या हाती असते, हा प्रश्न दिसतो चवीचा, पण आहे इतिहासाचा. आणि आमच्या अनुभवाप्रमाणे तो पगारपत्रकाइतकाच कामगाराच्या जिव्हाळ्याचा आहे.

निमित्त साधेच घडले. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा अमेरिकेत केंटकी राज्यात नोकरी करतो. गेल्या हिवाळ्यात तो नवघरच्या घरी आला, तेव्हा त्याने दोन बाटल्या आणल्या. म्हणाला, "काका, तुम्ही भट्टीजवळची माणसे. ही एक साधी बर्बन आहे. आणि ही दुसरी तीच, पण शेवटचे काही महिने भाजलेल्या ओकच्या पिंपात ठेवलेली. हिला किंमत जास्त पडते. फरक आहे हे मला कळते, पण काय फरक आहे ते सांगता येत नाही. तुम्ही बघा."

भट्टीजवळची माणसे, हे त्याने बरोबर सांगितले. भाईंदर पूर्वेला ज्यांनी स्टीलच्या भांड्यांवर पोट भरले, त्यांना अग्नीचे दोन स्वभाव ठाऊक असतात. एक भडका आणि दुसरी आच. भडक्याने वरचा थर जळतो, आचेने धातू आतून बदलतो. रोलिंगमध्ये ताठरलेला पट्टा भट्टीत योग्य वेळ तापवला, तर नरम येतो. घाई केली तर वाया जातो. ही जी दुसरी बाटली होती, तिचे सारे रहस्य या दोन अग्नींच्या फरकात आहे.

तेव्हा प्रथम पिंपाकडे वळू. 'पिंप' हा शब्दच मुळी आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाला. त्यांच्या भाषेत 'पिपा' म्हणजे दारूचे लाकडी पीप. आपल्या खाडीपलीकडचा वसईचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतला आणि पोर्तुगीज गेले. पण शब्द राहिला, आणि आज आपण त्यात नळाचे पाणी भरून ठेवतो. असो. अमेरिकेतले व्हिस्कीचे पिंप पांढऱ्या ओकच्या फळ्यांचे असते. त्यात खिळा नसतो आणि सरसही नसतो. फळ्या वाफेने किंवा आगीने वाकवतात आणि लोखंडी पट्ट्यांनी आवळतात. अशा पिंपात साधारण २०० लिटर द्रव मावतो. फळ्या वाकवून झाल्या की पिंपाच्या आतून आग लावतात. पंधरा सेकंदांपासून पाऊण-एक मिनिटापर्यंत ज्वाळा आत खेळू दिल्या की आतला पृष्ठभाग कोळसा होतो. बर्बन म्हणवण्यासाठी अशा आतून जाळलेल्या नव्या ओक-पिंपाची सक्ती अमेरिकन कायद्यात आहे. धान्यात निदान ५१ टक्के मका असावा लागतो आणि बाटलीतली तीव्रता ४० टक्क्यांपेक्षा कमी असून चालत नाही.

भाजलेले पिंप मात्र निराळे. तिथे ज्वाळा लाकडाला भिडू देत नाहीत. मंद आच काही मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत देतात. लाकूड काळे पडत नाही, बदामी होते. ही रीत मूळची द्राक्षाच्या वाइनची पिंपे करणाऱ्यांची. व्हिस्कीवाल्यांनी ती शेवटचा हात फिरवण्यासाठी उचलली, ती अगदी अलीकडे. वुडफर्ड रिझर्व्ह या कारखान्याने २०१२ साली दुसऱ्यांदा, खोलवर भाजलेल्या पिंपात ठेवलेली बर्बन बाजारात आणली. मिक्टर्सने २०१४ साली. आणि एलायजा क्रेग या नावाची तशी बाटली २०२० साली निघाली.

आता या आचेने लाकडात काय होते? ओकच्या लाकडात शर्करेच्या साखळ्या असतात. त्या आचेने तुटतात आणि त्यांचा पाक होऊ लागतो. त्यातून काकवीचा, भाजलेल्या बिस्किटाचा वास येतो. लाकडाला ताठपणा देणारा जो लिग्निन नावाचा भाग आहे, तो तुटून व्हॅनिलाच्या वासाचे द्रव्य तयार होते. लवंगेत जे युजेनॉल असते, तेच थोड्या प्रमाणात ओकमध्येही असते. आणि आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे ओकमधल्या एका द्रव्याचा वास थेट खोबऱ्यासारखा असतो. कोळशाचा थर उलट काम करतो. तो गाळणीसारखा असतो आणि कच्च्या दारूतले गंधकाचे उग्र वास शोषून घेतो. म्हणजे जाळण्याने दोष निघतात आणि भाजण्याने गुण चढतात. मराठीत यासाठी दोन शब्द तयारच आहेत. एक करपट आणि दुसरा खरपूस. आपल्या घरातल्या कोणत्याही बाईला या दोन शब्दांतले अंतर समजावून सांगावे लागत नाही.

परीक्षा आमच्याच स्वयंपाकघरात झाली. आम्ही चौघे होतो. तो मुलगा, तीस वर्षे भट्टीवर काढलेले एक निवृत्त मिस्त्री, शेजारच्या मावशी, ज्यांचे माहेर वसईकडच्या भंडारी घराण्यातले आणि ज्यांचे आजोबा माड छेदत असत, आणि आम्ही. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला १९४९ च्या कायद्याप्रमाणे आजही परवाना लागतो. ज्यांना प्यायचे होते त्यांनी तो रीतसर काढला होता. मावशींनी आधीच सांगून टाकले, "मी वास घेईन, तोंडाला लावणार नाही." आम्ही घोट जिभेवर फिरवून थुंकून देण्याचे ठरवले. यात लाजण्यासारखे काही नाही. या धंद्यातले पारखी पुष्कळसे काम नाकानेच करतात. दिवसाला शेकडो नमुने तपासणारा माणूस प्यायला लागला, तर दुपारपर्यंतही टिकणार नाही. मिस्त्रींना मात्र हे पटले नाही. "सातासमुद्रापलीकडून आलेली वस्तू मोरीत थुंकायची?" असे म्हणून त्यांनी आपला वाटा सन्मानाने गिळला.

भाईंदरच्या स्टीलचा आम्हाला अभिमान आहे. त्याला स्वतःचा वास नाही हा त्याचा मोठा गुण. परंतु स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही आणि रुंद तोंडातून वास उडून जातो. म्हणून मावशींकडचे सरबताचे, पोटाला फुगीर आणि तोंडाशी निमुळते असे काचेचे पेले घेतले. कोणत्या पेल्यात काय ओतले आहे हे फक्त मुलाला ठाऊक. तोही पेले मांडून पाठ फिरवून बसला. कामगार संघटनांच्या मान्यतेसाठी गुप्त मतदान घ्या, ही मागणी आम्ही उभे आयुष्य केली. ती मान्य झाली ती आमच्या ओट्यावर!

मिस्त्रींनी पहिला पेला हुंगला आणि म्हणाले, "हा करपट आहे, पण सरळ आहे." दुसऱ्याला ते म्हणाले, "ह्याची आच चांगली लागलीय." मावशींना पहिल्यात लवंग आणि जुन्या लाकडी कपाटाचा वास आला. दुसऱ्यावर त्या बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "वाटणासाठी सुके खोबरे भाजतो ना, ते काढायच्या जरा आधीचा वास. आणि मागून नानकटाई." त्यांनी ओकचे रसायनशास्त्र वाचलेले नव्हते, हे इथे सांगितले पाहिजे. आम्हाला पहिल्यात मका स्पष्ट लागला. कणीस निखाऱ्यावर धरल्यावर जो गोडसर वास येतो, तसा. मग तिखटपणा आणि शेवटी कोळशाची कोरडी चव. दुसऱ्याची सुरुवात अधिक गोड होती. चार थेंब पाणी घातल्यावर काकवी आणि भाजलेले शेंगदाणे पुढे आले. परंतु घोट संपल्यावर जीभ आखडली. कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा मागे राहिला, आणि मका शोधूनही सापडेना.

पाठ फिरवलेल्या मुलाने उत्तर सांगितले तेव्हा चौघांचेही मत एकच निघाले. दुसरा पेला भाजलेल्या ओकचा होता. आमचा निकाल आम्ही असा दिला : वास दुसऱ्याचा श्रेष्ठ, चव पहिल्याची प्रामाणिक. थालीपिठाची भाजणी खमंग असावी हे खरे, पण ज्वारी कुठे गेली आणि हरभरा कुठे गेला हे खाणाऱ्याला कळेनासे झाले, तर ती भाजणी फाजील झाली असे म्हणावे लागते. दुसऱ्या पिंपात महिना-दोन महिने कमी ठेवली असती, तर बहुधा दोन्ही गुण एकत्र आले असते.

इथवर झाली ती मौज. पण बाटली परत डब्यात ठेवताना आमच्या मनात एक प्रश्न आला. या पेल्यात लाकूड आहे, मका आहे, अग्नी आहे. पण सर्वांत महाग वस्तू यात कोणती? विचार करता ध्यानात आले की ती वस्तू वेळ होय. चार-सहा-आठ वर्षे माल गोदामात नुसता पडून राहतो, दरवर्षी त्यातला काही भाग हवेत उडून जातो, आणि मालकाच्या हाती छदाम येत नाही. कोणता व्यापारी हे सोसेल? हा वेळ आला कुठून?

तो आला करआकारणीच्या कायद्यातून. अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात दारूवर जबर कर बसला. पण १८६८ च्या कायद्याने माल सरकारी देखरेखीच्या गोदामात असेतो एक वर्षापर्यंत कर मागायचा नाही, असे ठरले. ही मुदत वाढत वाढत १८९४ साली आठ वर्षे झाली आणि १९५८ साली वीस वर्षे. आमच्या मते बर्बनच्या इतिहासातली ही खरी घटना होय. कर थांबला, म्हणून दारू थांबू शकली. आणि दारू थांबली, म्हणून ओकला काम करायला अवधी मिळाला.

दुसरी घटना १८९७ ची. त्या काळी अमेरिकेत कच्च्या मद्यार्कात रंग आणि नाना द्रव्ये मिसळून ती जुनी व्हिस्की म्हणून सर्रास खपवली जाई. त्याविरुद्ध 'बॉटल्ड-इन-बॉण्ड' नावाचा कायदा झाला. माल एकाच कारखान्यातला, एकाच हंगामातला असावा. सरकारी कुलपाखाली निदान चार वर्षे राहिलेला असावा. आणि त्याची तीव्रता नेमकी ५० टक्के असावी, तरच त्याला ते नाव मिळे. कारखानदारांना स्वतःचा धंदा राखायचा होता आणि सरकारला कर हवा होता, हे उघड आहे. कोणी परोपकार केला असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याचा परिणाम असा झाला की गिऱ्हाईकाच्या हातात बाटलीवर छापलेले वचन आले. १९०६ साली अन्न व औषधांच्या शुद्धतेचा कायदाही तिथे झाला.

हे वचन देणाऱ्या पिंपांमागे कोणाचे हात होते, हेही विसरता येत नाही. त्या देशातल्या दक्षिणेकडील राज्यांत दारू गाळण्याचे कितीतरी काम गुलामांनी केले. जॅक डॅनियल हे नाव जगभर गाजते. पण त्याला दारू गाळण्याची विद्या शिकवणारा नेथन ग्रीन, ज्याला लोक 'निअरेस्ट' म्हणत, हा गुलामगिरीत जन्मलेला माणूस होता. कारखान्याने त्याचे ऋण जाहीरपणे मान्य केले ते २०१६ साली, म्हणजे कारखान्याच्या दीडशेव्या वर्षी. ओळख मिळण्याची मुदत पिंपातल्या मुदतीपेक्षा किती लांब असते पाहा!

आता आपल्याकडे येऊ. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. त्याच दशकात, १८७८ साली, मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा झाला. त्याआधी आपल्या ठाणे जिल्ह्यात भंडारी माडावर चढे, माडी काढे आणि तिच्यातली काही गावातल्या गावात गाळून दारू करी. चांगली कोणती आणि वाईट कोणती हे गाव ठरवी. कारण करणारा आणि पिणारा एकाच पाणवठ्यावर भेटत. नव्या कायद्याने छेदायच्या प्रत्येक झाडावर कर बसला आणि झाडांवर क्रमांक पडले. गावच्या भट्ट्या बंद होऊन दारू गाळण्याचे काम मोठ्या मक्तेदारांच्या ठरलेल्या कारखान्यांत गेले. उरणच्या भट्ट्यांतून मोहाची दारू पिंपे भरभरून बाहेर पडू लागली. १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी निराळा कायदा करून मोहाची फुले जवळ बाळगण्यावरही बंधने घातली. जंगलातल्या माणसाला आपल्याच झाडाखाली पडलेले फूल वेचायची चोरी झाली!

दोन्ही देशांत मोजण्याचे साधन मात्र सारखेच होते. काचेच्या नळीतल्या दारूत तरंगणारे तीव्रतामापक. इंग्रजांनी साइक्सचे मापक १८१६ साली अधिकृत केले आणि तेच इथे आणले. उरणची दारू दोन प्रतींत विकली जाई, पंचवीस अंडर-प्रूफ आणि साठ अंडर-प्रूफ. आजच्या हिशेबाने पहिली ४२.८ टक्के तीव्रतेची आणि दुसरी सुमारे २३ टक्क्यांची. भारतात बनणाऱ्या व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ हा चमत्कारिक आकडा आजही छापलेला असतो. पिणाऱ्यांपैकी हजारांत एकालाही ठाऊक नसते की तो अबकारी खात्याचा वारसा आहे.

साधन एक, पण त्याचा उपयोग दोन तऱ्हांनी झाला. तिकडे कर गोदामाच्या दाराबाहेर उभा राहिला. इकडे तो झाडाच्या बुंध्याशी, पहिला थेंब मडक्यात पडण्याआधीच, हात पसरून उभा होता. मग भंडाऱ्याने माल मुरवावा कशावर? माडी तर काही तासांत आंबते. मोहाची दारू ताजी गाळून ताजी विकली जाई. आपल्या दारूला 'जुनी' होण्याची सवलत कोणी दिलीच नाही. पुढे लोक म्हणू लागले की देशी ती हलकी आणि विलायती ती भारी. आमचे म्हणणे असे की या भेदातला मोठा वाटा चवीचा नसून करवसुलीच्या रीतीचा आहे.

त्या काळच्या लोकांना हे कळत नव्हते असे नाही. १८८० साली महात्मा जोतीराव फुल्यांनी, पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, दारूच्या गुत्त्यांना मोकळीक देण्याविरुद्ध पत्र लिहून हरकत घेतली. १८८६ च्या सुमारास ठाणे-कुलाबा भागात दारू महागल्यावर आगरी-कोळ्यांच्या गावांतून न पिण्याच्या शपथा घेतल्या गेल्या आणि जातपंचायतींनी मोडणाऱ्याला दंड ठरवले. सरकारला यात कोणाची तरी चिथावणी दिसली. आम्हाला मात्र त्यात संप दिसतो. विकणाऱ्याने भाव चढवला आणि घेणाऱ्यांनी एकजुटीने घेणे थांबवले, याला दुसरे काय म्हणतात? नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली ती १८८४ साली आणि रविवारची सुट्टी मिळवली ती १८९० साली. त्याच वर्षांतली ही गोष्ट आहे. एकाने वेळ मागितला, दुसऱ्यांनी किंमत नाकारली. चळवळ एकाच मातीतली होती.

आमच्या लोकांपाशी पारख नव्हती असेही नाही. गोव्यातल्या 'फेणी' या नावातच परीक्षा आहे. ओतताना फेसाचे मणी कसे उठतात आणि किती वेळ टिकतात, यावरून तिची तीव्रता ओळखत; त्या फेणावरून ते नाव पडले असे सांगतात. तिथे मापाचे अंशही निराळे. हुर्राक चौदा-पंधरा 'ग्राव', फेणी एकोणीस-वीस. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याच गोव्यात कुंकळ्ळीच्या कारखान्यात पॉल जॉन नावाची व्हिस्की अमेरिकेहून आणलेल्या, बर्बन भरून रिकाम्या झालेल्या ओक-पिंपांत मुरते. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला दोन टक्के दारू उडून जाते. गोव्याच्या उकाड्यात त्याच्या कितीतरी पट. हवा घाई करते, म्हणून तिथे थोड्या वर्षांत पुष्कळ रंग चढतो. ही बाटली २०१२ साली प्रथम लंडनमध्ये विकायला ठेवली गेली. याचा अर्थ, मुभा मिळाली तर आपल्या हातांनाही मुरवता येते.

आमच्या कामगारवस्तीतली परीक्षा आणखी निराळी. 'पहिल्या धारेची' हे तिथले सर्वोच्च प्रशस्तिपत्र. दुसरी कसोटी काडी लावून पाहण्याची. निळी ज्योत उठली की माल अस्सल. आणि इथेच, श्रोतेहो, आम्हाला थांबून एका माणसाविषयी बोलले पाहिजे.

तो आमच्याबरोबर पॉलिश खात्यात होता. फिरत्या चाकावर ताटे-पेले घासून चकचकीत करण्याचे काम. संध्याकाळी नाकातोंडात काळी धूळ बसलेली असे, आणि तो म्हणे, "भाऊ, एक ग्लास घेतल्याशिवाय ही घशाखाली उतरत नाही." आम्ही त्याला रागे भरलो, सभासद म्हणून बोलावून समजावले. पण त्या खात्यात हवा बाहेर टाकणारा पंखा बसवून घ्यायला आम्हाला चार वर्षे लागली, आणि तोवर तो गुत्त्यावरच धूळ उतरवीत राहिला. एका पावसाळ्यात त्याने हातभट्टीची घेतली. काडी लावून पाहिली होती, ज्योत निळी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बायकोला म्हणाला की डोळ्यांपुढे धुके आले आहे. तिसऱ्या दिवशी तो गेला. वय चौतीस. त्याच्या तेराव्याच्या दिवशी आम्ही दारू सोडली. म्हणजे त्याआधी आम्हीही घेत होतो, हे लपवण्याचे कारण नाही.

ते विष मेथिल मद्यार्काचे होते. हे द्रव्य कारखान्यांत लागते, स्वस्त मिळते, आणि नफेखोर ते दारूत मिसळतात. त्याची चव आणि वास साध्या मद्यार्काहून वेगळा ओळखणे माणसाला जमत नाही. तेही पेटते, आणि त्याचीही ज्योत फिकट निळीच असते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते प्रथम डोळ्यांच्या शिरेवर घाला घालते. म्हणजे जीभ, नाक, डोळे, काडी या सगळ्या कसोट्या तिथे निकामी ठरतात. उरते ती एकच, प्रयोगशाळेतली. आणि ती गुत्त्यावर नसते.

बंदीने हा प्रश्न सुटला नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. त्या काळात पिण्यासाठी चोरून वापरला जाणारा औद्योगिक मद्यार्क अधिक विषारी करण्यासाठी सरकारनेच त्यात मेथिलचे प्रमाण वाढवले, आणि माणसे मेली. श्रीमंतांना मात्र डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधी व्हिस्की मिळत होती. आपल्याकडे १९४९ च्या कायद्याने आणि १९५० पासून संपूर्ण मुंबई राज्यात दारूबंदी आली. इथेही प्रकृतीच्या कारणास्तव परवाने होते; ते कोणाला मिळत हे सांगायला नको. गरिबाची माडी मात्र बंद झाली आणि तिच्या जागी काळा गूळ व नवसागर यांची हातभट्टी आली. पुढे १९६० आणि १९७० च्या दशकांत बंधने सैल झाली, तरी हातभट्टी गेली नाही. जून २०१५ मध्ये इथून फार दूर नसलेल्या मालवणीत मेथिलमिश्रित दारूने शंभरांहून अधिक माणसे मेली. मेलेले बहुतेक मजुरी करणारे होते.

म्हणून आम्ही त्या दोन बाटल्यांकडे वेगळ्या नजरेने पाहतो. मिस्त्री निश्चिंतपणे घोट गिळू शकले आणि मावशी नानकटाईवर रेंगाळू शकल्या, याचे कारण त्या पेल्यात विष नाही ही खात्री आमच्या आधी कोणीतरी करून ठेवली होती. चवीचे बारकावे बोलण्याची चैन त्या खात्रीवर उभी आहे. ज्याला खात्री नाही, त्याला चव नाही. त्याला फक्त नशीब आहे. आमच्या मित्राची जीभ मावशींच्या नाकाहून कमी नव्हती. चहात साखर जुनी की नवी ते तो सांगत असे. कमी होता तो त्याच्या पेल्यावर छापलेला एक कागद आणि त्या कागदामागचा एक तपासनीस.

पिऊ नका, हा उपदेश आम्ही आमच्या सभासदांना गेली कित्येक वर्षे करीत आलो आणि यापुढेही करू. पण नुसत्या उपदेशावर संघटनेचे काम संपते असे आता आम्हाला वाटत नाही. ज्या खात्यात धूळ आहे तिथे पंखा बसला पाहिजे. कामगाराला संध्याकाळचा वेळ, बसायला जागा आणि प्यायला स्वच्छ पाणी मिळाले पाहिजे. मेथिलचा प्रत्येक लिटर कारखान्यातून कुठे गेला याचा हिशेब अबकारी खात्याने कराच्या हिशेबाइतक्याच कसोशीने ठेवला पाहिजे. झाडावर क्रमांक घालणाऱ्या सरकारी यंत्रणेला ते जमणार नाही, असे कोणी म्हणू नये.

त्या मुलाने परत जाताना विचारले, "काका, मग दुसऱ्या बाटलीला जास्त पैसे द्यावेत की नाही?" आम्ही सांगितले : वासासाठी थोडे द्यावेत, फार देऊ नयेत. अर्धी उरलेली बाटली मिस्त्रींकडे गेली. रिकामी झालेली मावशींनी मागून घेतली. त्यांनी ती धुऊन तिच्यात खोबरेल भरले आहे.